मनकर्णाचं वावर आणि चार इंग्रजी अक्षरं

मनकर्णाच्या आणि माझ्या घरांमधे एकच भिंत. तीही कुडाची, वरून शेणानं लिंपलेली. तिच्याकडं मिरचीची फोडणी बसली की शिंका मला यायच्या, आणि माझ्याकडं आमचे पांडुरंगराव घोरायला लागले की ती पलीकडून भिंतीवर उलथनं आपटायची. इतक्या जवळच्या बाईविषयी लिहायचं म्हणजे खरंच लिहावं लागतं. मीठ मी चवीपुरतंच घालते.

मनकर्णा दिसायला काडी, पण तोंडानं फटाका. वानरं वावरात उतरली की गोफण तर फिरवायचीच, वर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बाजारहत्नूरच्या बाजारात एकदा कापडवाला तिला म्हणाला, "ले लो अम्मा." तर ही म्हणते, "अम्मा तेरे घर पे. मेरेकू बाई बोल, और कपडा मापते टाईम अंगठा बाजूकू ले." तो बिचारा पुढं प्रत्येक बाजारात तिला पाहिलं की अंगठा मुठीत लपवायचा.

नवरा मारोती तापानं गेला त्याला पाच सालं झाली होती. मूलबाळ नव्हतं. राहायला हे घर, एक गाय, तिचे दोन गोऱ्हे आणि माळाच्या कडेला चार एकर काळं वावर. भाऊ किनवटकडचा. तो न्यायला आला तेव्हा तिनं त्याला दोन दिवस पाहुणचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात भाकरीचं गाठोडं देऊन म्हणाली, "दादा, बस हाय सकाळची." तो समजला.

पण देव प्रत्येकाच्या तोंडाला कुठंतरी एक कुलूप ठेवतो. मनकर्णाचं कुलूप म्हणजे तिचे भासरे, मारोतीचे थोरले भाऊ, उत्तमराव. आमच्याकडं धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही. तो समोर आला की पदर नाकापर्यंत ओढायचा. त्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'मोठ्या घरचे' म्हणायचं. आणि हा दस्तूर एकतर्फी नाही बरं का. भासऱ्यानंही भावजयीशी बोलू नये, तिच्या वाटेत येऊ नये, तिचं नाव तोंडात आणू नये. काही सांगायचंच असलं तर मधे तिसरं माणूस लागतं. मारोती होता तोवर मधे मारोती. तो गेल्यावर ती जागा माझ्याकडं आली. पगार नाही, पण करमणूक भरपूर.

एक्याण्णव सालची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली तेव्हाची गोष्ट. उत्तमराव मिशा सावरत मनकर्णाच्या अंगणात येऊन उभे राहिले. ती दाराआड. मी मधे, उंबऱ्याजवळ, तांदूळ निवडत.

"वैनी, तिले सांगा, आखाजीचा वखर मीच घेऊन येतो. अन् औंदा तो मधला बांध फोडून टाकतो. दोन वावरं कायले? एकच बरं. तिले तिची ज्वारी भेटन, लुगडं भेटन. बंदोबस्त माझ्याकडं."

ती माझ्यापासून हातभरावर होती, त्यांचं सगळं तिनं ऐकलं होतं. तरी मी दस्तुराप्रमाणं वळून म्हटलं, "ऐकलं का वं? बांध फोडून राह्यले."

आतून आवाज आला, "अक्का, मोठ्या घरच्याइले सांगा, बांधाले हात लावू नका. माझे गोऱ्हे तयार हायेत. औंदापासून माझं वावर मीच पाहीन."

मी उत्तमरावांना सांगितलं, "ती म्हणते, औंदा तुमच्या बैलाइले सुटी द्या. थकले असतीन."

"गोऱ्हे!" उत्तमराव हसले. "ते अजून मायच्या मागं पळते. अन् हाकलन कोण? बाईनं वखर धरला असा एक दाखला दाखवा या गावात! भागीरथावैनी, तुमी बी बम मजाक करता." आणि मिशा सावरत निघून गेले.

आमच्या गावचा नेम तुम्हाला सांगायला हवा. आखाजीच्या सकाळी ज्याचा वखर, तुमच्याकडचा कुळव, वावरात पहिली पाळी, म्हणजे पहिला तास, मारतो, त्या साली ते वावर त्याचं. पाळी या बांधापासून त्या बांधापर्यंत, मधे वखर न उचलता. मधे उचलला तर ती पाळी मोडली, दुसऱ्यानं मारावी. मारोती गेल्यापासून ती पाळी उत्तमरावांचीच होती. ज्वारी मोजून द्यायचे, लुगडंही द्यायचे, माणूस तसा वाईट नाही. पण आता बांधच फुटणार म्हटल्यावर पुढच्या सालची गोष्ट उरत नव्हती. बांध मोडला की मनकर्णाचं वावर कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे सांगायला मारोतीला वरून यावं लागलं असतं.

त्या दुपारी ती माझ्याकडं आली आणि चुलीपुढं बसकण मारली.

"अक्का, मी सांगितलेलं त्याइनं मजाक समजलं."

"मंग? माझ्या तोंडून गेलेली गोष्ट गावात खरी कोण धरते?"

"तेच म्हणतो मी. तुमच्या तोंडानं माझं काम बिघडलं."

"मंग दुसरं तोंड पाह्य ना!"

"तेच पाहून राह्यलो," ती म्हणाली. "बोर्डावर लिवून लावलं तर?"

आम्ही दोघींनी बसून विचार केला. मराठीत लिहिलं तर भासऱ्याशी बोलल्यासारखंच झालं, सारं गाव हिच्याच अंगावर येणार. आमचं गाव तेलुगू मुलखात, त्यामुळं तेलुगू उत्तमरावांना वाचता येत होतं. उर्दूतही लहानपणी दोन इयत्ता शिकले होते आणि त्याचा टेंभा अजून मिरवायचे. राहिली इंग्रजी. इंग्रजीत लिहिलेलं भासऱ्याला बोलल्यात धरत नाही, असा निकाल मीच दिला. कोणीतरी द्यायलाच हवा होता.

इंग्रजीचे मालक आमच्या गावात एकच, भीमनगरातले खुशाल गुरुजी. त्यांचे वडील हयातभर उत्तमरावांच्या घरी साल धरून, वर्षाच्या बोलीवर, राबलेले, आणि हे शाळेत इंग्रजी शिकवायचे. मनकर्णा गेली, मागून मीही. मी नसते गेले तर तुम्हाला आज कोणी सांगितलं असतं?

"गुरुजी, एक शब्द द्या," मनकर्णा म्हणाली. "त्याच्यात असं निंगलं पाह्यजे का, माझं मी पाह्यतो. अन् तुमी अंगावर येऊ नका. पण शिवी नको. मोठ्या घरचे हायेत."

गुरुजींनी चष्मा पुसला. "बाई, हे तर पुऱ्या पानाचा मजकूर हाय."

"पान नाही, तेलाच्या डब्याचं झाकण हाय. मोठा शब्द मावनार नाही."

गुरुजींनी जाडी डिक्शनरी काढली आणि मांडीवर घेतली. बोट फिरवत, ओठ हलवत, मधेच 'नाही', 'हे तर पोलिसातलं' असं पुटपुटत बसले. त्यांच्या बायकोनं आम्हाला चहा दिला, तो पिऊन झाला, तरी बोट फिरतच होतं. मग एकदम थांबले.

"फेंड."

"हे काय असते?"

"डिफेन्ड म्हणून एक मोठा शब्द हाय. म्हणजे राखण करणं, बचाव करणं. त्याचं मुंडकं उडवलं का फेंड राह्यते. अन् याचे अर्थ दोन. पुढं 'फॉर' लावलं तर आपलं आपण पाहणं, कोणाच्या भरवशावर न राहणं. पुढं 'ऑफ' लावलं तर अंगावर येते ते हातानं परतवणं." गुरुजींनी कपाळापुढं हात धरून दाखवला, जसा काही त्यांच्यावर कोणी दगड भिरकावला होता. "म्हणजे 'फॉर'नं पोट भरते अन् 'ऑफ'नं मार चुकते."

मनकर्णानंही आपल्या कपाळापुढं हात धरून पाहिला.

मग म्हणाली, "वानराले गोफण मारतो ते 'ऑफ'वालं. ज्वारी घरी आणतो ते 'फॉर'वालं."

"बराबर."

"मंग गुरुजी, इंग्रजाले एकच शब्द काऊन पुरला?"

गुरुजींनी पुस्तक मिटलं. "राखल्याशिवाय पिकत नाही, अन् पिकलं नाही तर राखाचं काय? एकाच वावरातले दोन कामं हायेत बाई. लोक वेगळे समजते."

"मंग मांगंपुढं काई लावू नका," ती म्हणाली. "नुसतं तेवढंच लिवा. ज्याले जसं लागन तसं लागन."

झाकणावर काळ्या रंगानं चार अक्षरं उठली, झाकणभरून. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, तिनं ते बांधावरच्या पळसाला ठोकलं.

संध्याकाळपर्यंत गावात ताप चढावा तसा तो बोर्ड चढला. कोणी म्हणे बँकेचा. कोणी म्हणे कुटुंब नियोजनाचा, कारण अक्षरं चारच, आई-बाप आणि दोन मुलं. एक म्हातारा म्हणाला, रेल्वे येणार. उत्तमराव माझ्याकडं आले. गुरुजींना विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं, पण आपल्या सालदाराच्या पोराला इंग्रजीचा अर्थ विचारायचा म्हणजे मिशा उतरवून ठेवण्यासारखंच की!

"वैनी, काय लिवलं हाय ते?"

"मले काय माहीत बावा," मी म्हटलं. "इंग्रजी हाय. वरून आलं असन."

एवढंच म्हटलं. पण हे 'वरून' गावात फिरत फिरत रात्रीच्या जेवणापर्यंत कलेक्टर साहेबांपर्यंत पोचलं होतं.

उत्तमराव दुसऱ्या दिवशी मंडल ऑफिसला, म्हणजे तहसिलीत, गेले. तिथल्या क्लार्कनं विचारलं, "बोर्डु ए भाषा?" बोर्ड कोणत्या भाषेत? इंग्रजी म्हटल्यावर त्यानं हात वर केले. आमचे बोर्ड तेलुगूत असतात, हा आमचा नाही, मोठ्या साहेबांचा असेल, विचारून सांगतो, तोवर हात लावू नका. उत्तमराव परत आले ते खांदे पाडून. मनकर्णा भिंतीपलीकडं गाणं म्हणत भांडी घासत होती.

इथपर्यंत सगळं नामी झालं होतं. पण आखाजीच्या सकाळी घोटाळा उघडा पडला.

वखर हाकायला तिनं वरच्या गुड्यातल्या, डोंगरावरच्या आदिवासी पाड्यातल्या, देवाजीला सांगून ठेवलं होतं. चांगला माणूस, गोऱ्ह्यांनाही त्याची ओळख. तो बिचारा उजाडता उजाडता वावरापर्यंत आला, पळसावरचा बोर्ड पाहिला आणि उलट्या पावली गेला. वाटेत आमच्या पांडुरंगरावांना म्हणाला, "सरकारी बोर्ड लागला. मी नाही बा." त्याला नावं ठेवू नका. इंद्रवेल्लीला जमिनीचा हक्क मागणाऱ्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हापासून इकडच्या डोंगरातल्या माणसाला बोर्ड लागला की पुढं काय होतं हे शिकवावं लागत नाही. ज्या बोर्डानं भासऱ्याला अडवायचं तो आपल्याच माणसाला परतवेल, हे आमच्या दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मनकर्णा गोऱ्हे आणि वखर घेऊन बांधावर पोचली तर देवाजी नाही. मी तिच्यासोबत, पाण्याची घागर घेऊन. आणि पलीकडच्या बांधावर उत्तमराव, वखर-बैल जोडून, नुसते उभे. बोर्डाची भीतीही होती आणि आखाजीची सकाळ जाऊ द्यायचाही धीर नव्हता.

"पांडुरंगभाऊजीले बलवा," मनकर्णा म्हणाली.

"ते उत्तमरावाच्या डोळ्यापुढं वखर धरतीन? ते तर माझ्यापुढं बी आवाज काढत नाहीत."

मग तिनं लुगड्याचा काष्टा आवळला, पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला आणि गोऱ्ह्यांना जू चढवलं. वखराची मूठ, म्हणजे रुमणं, तिनं हातात धरलं. बाईनं. मी घागर खाली ठेवली, नाहीतर पडलीच असती.

"हो रे मोऱ्या! चाल पांड्या!"

पांड्या म्हणजे पांढरा गोऱ्हा. माझ्या नवऱ्याच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही असं ती शपथेवर सांगते.

पहिली दहा-बारा पावलं नीट गेली आणि पलीकडून उत्तमराव ओरडले, "अरे! ती आत गेली म्हणजे बोर्ड सरकारी नाही! वैनी, सांगा तिले बाहेर निंगाले! वखर मी घालतो!"

ते बैल हाकत बांधाच्या खिंडीपर्यंत आले. आणि तिथंच थांबले, जसा काही पाय विस्तवावर पडला. कारण मनकर्णा त्याच खिंडीकडं तोंड करून येत होती, पदर नाकावर. भासऱ्यानं भावजयीच्या समोर जायचं कसं? ते दोन पावलं मागं सरले. बांधावर आता गाव जमायला लागलं होतं. सगळ्यांच्या देखत दस्तूर मोडायचा तर त्यांनाच मोडावा लागणार होता. मी मनात म्हटलं, बाई, ज्या पदरानं तुझं तोंड बांधलं त्यानंच आज यांचे पाय बांधले.

"वैनी! तिले सांगा, पाळी वाकडी चालली!"

"मनकर्णे! पाळी वाकडी चालली म्हणते!"

"त्याइले सांगा, वाकडी का होईना, माझी हाय!"

"ती म्हणते—"

"ऐकलं मी!" उत्तमराव ओरडले.

पण पाळी खरोखरच वाकडी होत होती. गोऱ्हे अडाणी, त्यातून लोकांचा कालवा. मोऱ्या इकडं, पांड्या तिकडं. मनकर्णाचा घामानं चेहरा दिसेना, म्हणजे तसाही दिसत नव्हता. अर्ध्या वावरापुढं गेली असेल. वखर उचलायचा नाही, थांबला तरी चालेल पण उचलायचा नाही, आणि रुमणं तर तिला इकडून तिकडं झुलवत होतं. उत्तमराव तर जागच्या जागी नाचत होते. शेतकरी माणूस, वाकडी पाळी पाहवेना. "वैनी, सांगा, डाव्याले आवळ! वैनी, सांगा, गोऱ्ह्यावर नको, पुढं पाह्य!" मी सांगत होते. माझ्यानं सांगून होईस्तोवर पुढची सूचना यायची. गाव हसत होतं.

आणि पांड्या बुजला. कोणाचं तरी धोतर फडफडलं असेल. त्यानं एकदम उसळी मारली, मोऱ्या त्याच्यामागं ओढला गेला, वखर आडवा झाला आणि त्याचा फास, ते मातीत चालणारं लोखंडी पातं, थेट मनकर्णाच्या पायांकडं वळला.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"मनकर्णा! रुमणं दाब! कासरा वढ, उजवा! उजवा वढ!"

तिनं दाबलं. सगळं अंग रुमण्यावर टाकून दाबलं. फास मातीत रुतला, गोऱ्हे झटका खाऊन थांबले. पायापासून वीतभर अंतर होतं.

उत्तमरावांनी भावजयीचं नाव घेतलं होतं, भर आखाजीला, साऱ्या गावापुढं. मग ते माझ्यावरच उखडले, "वैनी, तुमी लवकर काऊन सांगत नाही तिले! तोंड कायले दिलं देवानं?"

वखर उचललेला नव्हता. मनकर्णानं कपाळाचा घाम पुसला, गोऱ्ह्यांना चुचकारलं आणि पुन्हा हाकारलं. आता कोणी हसत नव्हतं. उत्तमराव कडेच्या बांधाबाहेरूनच तिच्या बरोबरीनं चालत होते, तोंड दुसरीकडं करून, जसं काही पळसालाच सांगताहेत: "हळू. हां. तसंच. आता सोड ढील. हां." पळसाला काय कळणार, पण मनकर्णाला कळत होतं. पलीकडच्या बांधाला फास टेकला तेव्हा कोणीतरी 'हर बोला' म्हणालं आणि मी घागरीपाशी बसून घेतलं.

उत्तमरावांनी आपले बैल सोडले आणि सावलीला टेकले. मी पाणी दिलं. दोन गडवे प्याले आणि जरा वेळानं म्हणाले, "सांगा तिले, बांध राहू दे. सुटलो मी, वैनी. पाच सालं दोन वावरं मारून मारून कंबरडं गेलं. सोडलं असतं तर लोक म्हणते, भावाच्या बायकोले वाऱ्यावर सोडली. धरलं तर म्हणते, वावर खाल्लं. इकडं मार, तिकडं मार."

"बांध फोडायचं कोणाच्या डोक्यातून निंगालं होतं मंग?"

"एका पाळीत काम उरकते म्हणून, बाप्पा! म्हातारपण आलं ना आता."

मी मनकर्णाला सांगायला गेले. ती गोऱ्ह्यांच्या अंगाला टेकून उभी होती, पदर आता मागं सरकलेला.

"ऐकलं का?"

"ऐकलं. त्याइले सांगा, मी बी सुटलो. अन् सांगा, पेरणीले तिफण कशी धराची ते येऊन सांगा म्हणा." मग हळूच म्हणाली, "पळसाले सांगा म्हणा."

पुढची सगळी सालं ते वावर तिनंच केलं. दुसऱ्या दिवशी तीच गुड्यावर जाऊन देवाजीला बोर्डाचा अर्थ सांगून आली, दोन्ही अर्थ, हात कपाळापुढं धरून. पेरणीला तो आला. ज्वारी केली, तूर केली, एका साली कापूस केला आणि बोंडअळीला अशा शिव्या दिल्या की वानरांनाही हेवा वाटावा. उत्तमराव अजूनही तिच्याशी बोलत नाहीत. बांधावर उभे राहून झाडांना शेती शिकवतात. आमच्या भागातली झाडं त्यामुळं फार हुशार झाली आहेत.

त्या आखाजीला संध्याकाळी तिचे दोन्ही तळहात फोडांनी भरले होते. पीठही मळता येईना. आठवडाभर तिच्या भाकरी मीच थापल्या, आणि ती माझ्या चुलीपुढं बसून, पांडुरंगरावांच्या देखत, ऐटीत खात होती.

"अक्का," पहिल्याच दिवशी तोंडातला घास फिरवत म्हणाली, "भाकर जाड झाली."

"मंग नको खाऊ."

"खातो ना. दुसरी द्या. पातळ करा."